साय, लोणी, तूप

शिवणगावच्या काठाला माझी एक मावशी राहते. नागपूर विमानतळाला लागून उभ्या राहिलेल्या मिहान प्रकल्पात तिची जमीन गेली. मोबदल्यातून घर उभं राहिलं, थोरला मुलगा प्रकल्पातल्या एका गोदामात कामाला लागला, आणि पऱ्हाटीचं वावर, धुऱ्यावरची बाभळ, विहीर हे सगळं कुंपणापलीकडे गेलं. राहिली ती एक म्हैस, कारण मावशीला पाकिटातलं दूध चालत नाही. विमान उतरायला खाली येतं तेव्हा घरातली भांडी थरथरतात. म्हैस आता मान वर करूनही पाहत नाही. गव्हाणीत तोंड घालून कुटार आणि ढेप खात राहते.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डिंकाच्या लाडवांसाठी तूप कढवणं चाललं होतं. आठ-दहा दिवसांची साय विरजून, घुसळून काढलेलं लोणी मंद आचेवर होतं. आधी पांढरा फेस येतो, मग तडतड, मग एकाएकी आवाज बसतो आणि तळाशी बेरी तांबूस व्हायला लागते. नेमकी तीच वेळ साधावी लागते. मावशीने पाण्याचे दोन थेंब टाकून आवाज ऐकला, गॅस बंद केला आणि तूप गाळून बरणीत ओतलं. बरणी अर्धीही भरली नाही. “पाह्य, एवढ्या दिवसाचं दूध अन् तूप एवढुसंक,” ती म्हणाली.

मला जे सांगायचं आहे ते तिच्या या वाक्यापासूनच सुरू होतं.

म्हशीच्या दुधात साधारण ६ टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे किलोभर तुपाला हिशेबाने सोळा-सतरा लिटर दूध लागतं. कढवण्याच्या खटाटोपात पाणी उडून जातं, साखर आणि प्रथिनं ताकात आणि बेरीत जातात, स्निग्धांश तेवढा एका जागी गोळा होतो. त्याला धरून जे असतं तेही त्याच्याबरोबर येतं. ‘अ’ जीवनसत्त्व येतं, स्वाद येतो. आणि वैरणीतून म्हशीच्या अंगात चरबीत विरघळणारं, सहजी न मोडणारं एखादं रसायन गेलं असेल, तर तेही दुधाच्या मानाने सोळापट दाट होऊन बरणीत उतरतं. निसर्गातली अन्नसाखळी हेच करते. मावशी एकदा कढवते, अन्नसाखळी प्रत्येक पायरीवर पुन्हा कढवते.

इथे एका शब्दाबद्दल बोलायला हवं. बाजारात ‘सेंद्रिय’ म्हणजे चांगलं, बिनविषारी, थोडं महाग. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुग, एवढाच अर्थ. त्या अर्थाने डीडीटी सेंद्रिय आहे, डायॉक्सिनही सेंद्रिय आहे. निसर्गातली बहुतेक सेंद्रिय संयुगं जिवाणू, ऊन आणि आपलं यकृत मिळून मोडून टाकतात. यकृत तेलकट पदार्थाला पाण्यात विरघळेल असं रूप देतं आणि मूत्रपिंडं त्याला बाहेर काढतात. पण कार्बनच्या सांगाड्यावर क्लोरीनचे अणू ठासून बसवले की यकृताला पकडायला जागाच उरत नाही. डीडीटीचं थोडंफार रूपांतर होऊन डीडीई होतं, आणि ते तर मूळ डीडीटीपेक्षाही चिवट. पाणी आणि तेल शेजारी असले तर डीडीटीचा एखादा कण पाण्यात राहतो तेव्हा लाखो कण तेलात गेलेले असतात. ओढ्यात, तळ्यात, माणसाच्या शरीरात तेल म्हणजे चरबी. तिथे ते शिरतं आणि वर्षानुवर्षं बसून राहतं.

याचा पहिला मोठा धडा मिळाला तो कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तलावाकाठी. चिलटांचा त्रास होतो म्हणून तिथे १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीटीचंच भावंड असलेलं डीडीडी पाण्यात सोडलं. पाण्यातलं प्रमाण दहा लाख भागांत ०.०२ भाग, म्हणजे कुणीही निर्धास्त व्हावं इतकं कमी. मग आपल्या टिबुकलीच्या कुळातले मोठे पाणपक्षी तलावावर मरून पडायला लागले. त्यांच्या चरबीत प्रमाण निघालं दहा लाखांत १,६००. पाण्याच्या ऐंशी हजार पट. पाण्यातून शेवाळात, शेवाळातून सूक्ष्मजीवांत, तिथून लहान माशांत, मोठ्या माशांत आणि पक्ष्यांत. प्रत्येक खाणारा आपल्या वजनाच्या कितीतरी पट अन्न आयुष्यभर खातो, अन्न जाळून टाकतो आणि रसायन साठवून ठेवतो. रेचल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये हे जगासमोर मांडलं. आज जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अशाच एका साखळीची आकृती असते. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत काढतात. त्या आकृतीत सगळ्यात वर मासे खाणारा पक्षी असतो. माणूस काढलेला नसतो.

माणूस कुठे बसतो याचं उत्तर १९९३ साली मिळालं होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचे अंश होते, आणि ३७ टक्क्यांत ते किलोला ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होते. मर्यादेबाहेरच्या नमुन्यांचं प्रमाण ज्या राज्यांत मोठं होतं त्यांत पहिला होता महाराष्ट्र. आपल्या राज्यातले ७४ टक्के नमुने मर्यादा ओलांडून गेले होते. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ सालीच बंदी झाली होती.

हे दुधात आलं कुठून, हे ज्यांचं बालपण विदर्भातल्या खेड्यात गेलं त्यांना सांगावं लागत नाही. हिवतापाची फवारणीवाली माणसं आली की भांडीकुंडी अंगणात काढायची, भिंतींवर पांढुरका थर बसायचा, आणि ते जाताना भिंतीवर तारीख लिहून जायचे. गोठ्यातही फवारणी व्हायची. बीएचसी या कीटकनाशकाची पावडर कणगीतल्या धान्याला लावायची, डोक्यात उवा झाल्या तरी तीच, जनावराला गोचीड झाले तरी तीच. एंड्रिन हे नाव तर गावोगावी जीव देण्याच्या बातमीतूनच माहीत व्हायचं. आणि पऱ्हाटी. कापसावर जे फवारलं त्याचा काही भाग सरकीत उतरला, सरकीचं तेल निघालं, उरली ती ढेप गव्हाणीत गेली. कापसाच्या मुलखात म्हशीच्या दुधाला दाटपणा येतो तो ढेपेने, असं सगळेच मानतात. कापसाचं वावर आणि बाळंतिणीचा लाडू यांच्यामध्ये एवढ्या चार-पाचच पायऱ्या आहेत.

डीडीटीला सरसकट दोष देऊन मोकळं होणं मला अप्रामाणिक वाटतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि सुमारे आठ लाख माणसं मरत होती. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. भिंतीवरच्या त्या पांढुरक्या थराने कित्येक घरांतली पोरं वाचवली. आपल्याच राज्यात, रसायनीला, सरकारी कारखान्यात डीडीटी बनत होतं ते याच कामासाठी. चूक झाली ती हिशेबात. जीव वाचले हे एका वहीत मांडलं गेलं, चरबीत काय साठलं हे दुसऱ्या वहीत मांडायचं राहून गेलं. पहिली वही मलेरिया खात्याची होती, दुसरी कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या वहीचं शेवटचं पान आईच्या दुधाचं आहे. आईच्या दुधात डीडीटी सापडल्याची पहिली नोंद १९५१ सालची, अमेरिकेतली. शरीरातला हा साठा कमी करण्याचा मोठा मार्ग बाईला एकच मिळतो, तो म्हणजे बाळाला पाजणं. दुधाचा स्निग्धांश तयार होताना तिच्या अंगातली वर्षानुवर्षांची चरबी वापरली जाते आणि चरबीत जे साठलं तेही दुधाबरोबर जातं. म्हणून पहिल्या बाळाच्या वाट्याला जास्त येतं, दुसऱ्याच्या वाट्याला कमी. पुरुषाला हा मार्ग नाही, त्याच्या अंगात ते साचत जातं. कॅनडाच्या उत्तरेला, जिथे शेत नाही की कारखाना नाही, तिथल्या इनुइट आयांच्या दुधात १९८०च्या दशकात पीसीबी या अशाच क्लोरीनवाल्या रसायनांचं प्रमाण दक्षिणेतल्या शहरी आयांपेक्षा कितीतरी जास्त निघालं होतं. उष्ण प्रदेशात ही रसायनं हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, आणि सील-व्हेलच्या चरबीवर जगणाऱ्या माणसांपर्यंत पोचतात. ज्यांनी ती कधी वापरली नाहीत त्यांच्याच वाट्याला सगळ्यात दाट घोट आला.

माझं म्हणणं असं आहे की आपण विष मोजतो ते ताटातल्या एका वाटीत, आणि विचारतो की ही वाटी मर्यादेत आहे का. साठणाऱ्या रसायनाला हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. त्याला दोन प्रश्न विचारायला हवेत: हे किती वर्षं टिकतं, आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या अंगात जाऊन बसतं? मर्यादा ठरवताना दिवसभराच्या आहाराचा हिशेब धरतात, हे मला माहीत आहे. पण तपासणी वांग्याची वेगळी, दुधाची वेगळी, पाण्याची वेगळी होते, वेगवेगळी खाती करतात, आणि ते सगळं ज्या एका शरीरात एकत्र येतं त्या शरीराची तपासणी कुणाच्या कामात बसत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. आता दूध स्वच्छ आहे. ते बऱ्याच अंशी खरं आहे, आणि आनंदाने सांगण्यासारखं आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. कीटकनाशकाचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलेला नमुना त्यांत एकच सापडला. १९९३चा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली, चिवट सेंद्रिय रसायनांवरचा स्टॉकहोम करार २००१ साली झाला आणि भारताने त्याला २००६ साली मान्यता दिली, सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एंडोसल्फान हे कीटकनाशक थांबवलं. मुळाशी तोटी बंद केली की काही वर्षांत टोकाचं दूध निवळतं. एवढा स्वच्छ पुरावा सार्वजनिक धोरणाला फार क्वचित मिळतो.

पण त्या सर्वेक्षणाच्या एकच वर्ष आधी यवतमाळला काय झालं ते आठवा. २०१७च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या खांद्यापर्यंत वाढली होती, पाठीवर पंप घेऊन मजूर त्यात शिरले, औषधाचा फवारा त्यांच्याच तोंडावर आला. यवतमाळ जिल्ह्यात २०हून अधिक माणसं मेली, शेकडो रुग्णालयात गेली, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. यांतली बरीच औषधं ऑरगॅनोफॉस्फेट जातीची होती. ती चरबीत साठत नाहीत, उन्हा-पावसात तुलनेने लवकर मोडतात, म्हणून तर जुन्या क्लोरीनवाल्या औषधांच्या जागी ती आली. पण मोडण्याआधी ती मज्जातंतूंवर थेट घाव घालतात.

या दोन घटना मला वेगळ्या वाचता येत नाहीत. खाणाऱ्याचं दूध निवळलं त्याची किंमत काही अंशी फवारणाऱ्याच्या देहाने भरली. विष साखळीच्या वरच्या टोकावरून काढलं आणि खालच्या टोकाला दिलं. ज्याच्या हातात पंप असतो तो बहुधा दुसऱ्याच्या वावरात रोजीने जाणारा मजूर असतो, त्याला डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा एवढंही कुणी सांगितलेलं नसतं. तो तासाभरात कोसळला म्हणून आपल्याला दिसला, वर्तमानपत्रात आला, त्याच्यासाठी समिती नेमली गेली. हळूहळू साठणाऱ्या विषाला अशी बातमी कधीच मिळत नाही. तेव्हा एक रसायन काढून दुसरं आणताना ताटातलं प्रमाण कमी झालं एवढ्यावर समाधान मानू नये. पंपापासून बाळापर्यंत प्रत्येक पायरीवर कुणाचं काय झालं हे विचारावं.

गिधाडांचं उदाहरण याच जातीचं. डायक्लोफेनॅक हे साधं वेदनाशामक, तेही चरबीत साठत नाही. पण उपचार होऊन मेलेल्या गुरात ते शिल्लक असतं, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. कारण २००४ साली कळलं, जनावरांसाठीचं औषध २००६ साली थांबवलं, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळातून उतरणारी ती पंगत आज विदर्भातल्या तरुण पोरांनी पाहिलेलीच नाही. गुरासाठी औषध सुरक्षित आहे का, हे तपासलं गेलं होतं. त्या गुराला पुढे कोण खातं, हा प्रश्न कुणाच्या अर्जात नव्हता.

आता मिहानकडे परत येते. इथली माती पुढच्या पन्नास वर्षांत काय शोषून घेणार, याची मला काळजी आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण धूर. प्लास्टिक आणि क्लोरीन असलेला कचरा उघड्यावर अर्धवट जळतो तेव्हा डायॉक्सिन तयार होतात. ती राखेबरोबर गवतावर बसतात, गवत जनावर खातं, आणि पुढचं काम चरबी करते. इटलीत नेपल्सभोवती वर्षानुवर्षं कचरा साचला, जाळला गेला, आणि २००८ साली तिथल्या म्हशींच्या दुधात डायॉक्सिन सापडली. त्या दुधाच्या जगप्रसिद्ध मोझरेला चीजची आयात काही देशांनी थांबवली. म्हशीचं दूध, दाट स्निग्धांश, शहराबाहेरचा कचरा. नागपूरच्या भांडेवाडीला उन्हाळ्यात आगी लागतात तेव्हा आपण डोळे चुरचुरतात म्हणून तक्रार करतो. दोन दिवसांनी धूर निघून जातो आणि तक्रारही. त्या दिशेच्या गोठ्यातल्या दुधाकडे पाहायला हवं हे कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरं कारण फेस. विमानाच्या इंधनाची आग पाण्याने विझत नाही, तिच्यावर फेसाचा पडदा पसरावा लागतो. हा फेस जगभर अनेक दशकं ज्या रसायनांपासून बनवला गेला ती फ्लोरीनवाली, पीफास कुळातली. कार्बन आणि फ्लोरीनचा बंध मोडणं निसर्गाला जवळजवळ जमतच नाही, म्हणून त्यांना कायमची रसायनं म्हणतात. ही चरबीत जात नाहीत, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतात. म्हणून साय काढून टाकली, तूप टाळलं, तरी सुटका नाही. रक्तातलं त्यांचं प्रमाण निम्म्यावर यायला वर्षं लागतात. स्टॉकहोम कराराने त्यांतलं पीफॉस २००९ साली आणि पीफोआ २०१९ साली यादीत घातलं. पण यादीत घातल्याने आधी जमिनीत मुरलेलं निघून येत नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात क्लोव्हिस गावाजवळ वायुदलाचा तळ आहे. तिथल्या अग्निशमनाच्या सरावातला फेस भूजलात उतरला, ते पाणी शेजारच्या दुग्धालयातल्या गाई प्याल्या. २०१८ साली हे उघड झालं. दूध ओतून द्यावं लागलं, आणि शेवटी साडेतीन हजारांहून अधिक गाई मारून टाकाव्या लागल्या, कारण त्यांचं दूधही विकता येत नव्हतं आणि मांसही. मी हे वाचलं तेव्हा मला मावशीची म्हैस दिसली. शिवणगावच्या विहिरीत पीफास आहे असा आरोप मी करत नाही. विमानतळाच्या भिंतीला लागून विहिरी आहेत, गोठे आहेत, भाजीचे वाफे आहेत, आणि अशा जागी काय होऊ शकतं हे जगाला आता माहीत झालं आहे. तेव्हा मोजमाप करणं हे इथल्या यंत्रणांचं कर्तव्य आहे, गावकऱ्यांनी त्यासाठी मोर्चा काढायची वाट पाहू नये.

महाराष्ट्राला या कुळाची काळजी करायला आणखी एक कारण आहे. इटलीतल्या व्हिचेंझाजवळचा पीफास बनवणारा एक कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत निघाला. त्याने सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी नासवलं होतं, आणि २०२५ साली तिथल्या न्यायालयाने कंपनीच्या अकरा अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि कोकणात, लोटे परशुरामला आली. यंत्रं नव्या नियमांखाली नीट चालवली जातीलही. पण लोट्याखाली वाशिष्ठीची खाडी आहे, खाडीत मासे आहेत, आणि माशांवर जगणारी माणसं आहेत. पहिलं यंत्र फिरायच्या आधी त्या माशांचं आणि त्या माणसांच्या रक्ताचं मोजमाप करून ठेवलं असतं, तर पुढे कुणालाही खोटं बोलता आलं नसतं आणि कंपनीवर खोटा आळही घेता आला नसता. सुरुवातीचा आकडा दोन्ही बाजूंचं रक्षण करतो.

हा सुरुवातीचा आकडा मिहानमध्ये मिळवणं देशातल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा सोपं आहे. नागपूरच्या वर्धा रोडने जाऊन पाहा. अजनीकडून निघालात की आधी नीरी लागते. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी सुरू झालेली, १९७४ साली पर्यावरण हे नाव घेतलेली ही संस्था आज स्टॉकहोम कराराचं आशियासाठीचं प्रादेशिक केंद्र आहे. चिवट रसायनं मोजायची विद्या तिच्याकडे आहे. पुढे खापरी, मिहान, आणि मिहानच्या आतच एम्स. तिथे रोज बाळं जन्माला येतात. आणखी पुढे पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था. पऱ्हाटीवर काय फवारलं जातं हे तिथल्यापेक्षा चांगलं कुणाला कळणार? शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गोठ्यापर्यंत पोचणारी माणसं त्यांच्याकडे आहेत. पंपापासून बाळापर्यंतची सगळी साखळी एका रस्त्यावर आणि एका शहरात आहे. प्रत्येक संस्था आपल्या पायरीवर काम करते, आणि पायऱ्यांमधलं अंतर कुणीच चालत जात नाही.

स्टॉकहोम शहराने हे अंतर कसं मिटवलं ते सांगते. तिथे आयांनी स्वखुशीने दिलेलं दूध १९७२ सालापासून गोठवून ठेवलं आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी जुने नमुने काढून तपासले. डीडीटी आणि पीसीबीचे आकडे वर्षागणिक उतरत गेलेले दिसले, म्हणजे बंदी कामी आली होती. त्याच दुधात एक नवं रसायन चढत गेलेलं दिसलं. पीबीडीई, फर्निचर आणि टीव्हीच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून घालतात ते. त्याचं प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत आलं होतं, आणि तोवर कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या बाटल्या हातात होत्या म्हणून वाद घालायला जागा राहिली नाही.

असं एक शीतकपाट मिहानच्या एम्समध्ये का असू नये? दरवर्षी पन्नास आयांचं थोडंसं दूध, त्यांच्या संमतीने, नावाशिवाय. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुहीतल्या गोठ्यांतलं तूप, ढेप आणि विहिरीचं पाणी. आणि गोसीखुर्द धरणातले मासे, कारण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, आणि धरणावर जाळं टाकणारा भंडाऱ्याचा ढिवर या शहराच्या साखळीचा शेवटचा खाणारा आहे. दरवर्षी थोडं मोजायचं, बाकीचं ठेवून द्यायचं. उद्या जे रसायन धोक्याचं ठरेल त्याचं आज नावही ठाऊक नसेल, पण बाटलीत ते असेल.

एक आक्षेप मला आतून टोचतो, म्हणून त्याला टाळत नाही. आईच्या दुधात विष मोजायला लागलात तर बाया पाजणं सोडतील आणि डब्याच्या मागे लागतील. ही भीती खरी आहे. १९९३च्या अहवालात बाळांसाठीच्या डबाबंद दुधाच्या भुकटीचेही १८६ नमुने होते, आणि सुमारे ७० टक्क्यांत डीडीटीचे, ९४ टक्क्यांत बीएचसीचे अंश होते. आईचं दूध सोडून पळायला जागा नाही. आणि पळायची गरजही नाही, कारण पाजण्याने बाळाला जे मिळतं ते या अंशांच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटना हे सगळं माहीत असूनही पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध द्या असं सांगते. आईचं दूध मोजायचं ते आईला दोष देण्यासाठी नाही. तिच्यापर्यंत येणारी वाट ज्यांच्या हातात आहे, त्यांना जाब विचारण्यासाठी मोजायचं.

त्या दिवशी शेगडीपाशी बसून यातलं थोडंसं मी मावशीला सांगितलं होतं, जमेल तसं, साध्या शब्दांत. ती बरणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग, पोरीले लाडू देऊ का नको देऊ?”

“दे. आणि पाजू दे बिनघोर,” मी म्हणाले.

“मंग माह्या हातात काय हाय?”

तिच्या हातात जे होतं ते मी सांगितलं. २०१८च्या त्याच सर्वेक्षणात कीटकनाशकाचा नमुना एक निघाला होता, पण ३६८ नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिन मर्यादेच्या वर होतं. तेही सेंद्रिय विषच, पण बुरशीने बनवलेलं. ओलसर ढेपेवर बुरशी धरते, म्हैस ती खाते, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. उकळून जात नाही. साठून राहत नाही, त्यामुळे खराब ढेप बंद केली की काही दिवसांत दूध निवळतं.

मावशी काही बोलली नाही. उठली, गोठ्यात गेली आणि ढेपेचं पोतं आडवं करून तळापर्यंत हात घातला. तळाशी, जिथे पोतं जमिनीला टेकलं होतं, तिथली ढेप हिरवट-काळी होऊन गठ्ठे धरून बसली होती. तिने एक गठ्ठा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, आणि घमेल्यात काढत गेली. अर्धं घमेलं भरलं. मग पोतं उचलून दोन विटांवर ठेवलं, आणि घमेलं खड्ड्यात टाकायला घराच्या मागे गेली.